पहिल्या रांगेला समजंल असं

आमच्या विद्यापीठात पीएच.डी.ची व्हायवा कुणाचीही असो, रसायनशास्त्रातल्या पोराची असो की संस्कृतातल्या पोरीची, बिराजदार सर तिथं हजर असायचे म्हणजे असायचेच. बोलावणं असो नसो, विषय कळो न कळो. लग्नात एखादा माणूस मुलाकडच्यांना मुलीकडचा वाटतो, मुलीकडच्यांना मुलाकडचा, आणि तो नेमका कुणाचा हे शेवटपर्यंत कळत नाही. तशातली गत. फरक एवढाच की असला माणूस जेवायला आलेला असतो, आणि बिराजदार सर नाश्त्याच्या प्लेटला हातसुद्धा लावत नसत.

सर म्हटलं म्हणून ते प्राध्यापक होते असं समजू नका. ते आमच्यासारखेच संशोधक विद्यार्थी, प्राणिशास्त्राचे, आणि वसतिगृहात माझ्या खोलीतले जोडीदार. आमच्या नांदेडला पीएच.डी.ला नाव नोंदवलं की माणूस त्याच दिवशी सर होतो. पगार नाही, नोकरी नाही, पण सर. "सर, बादली झाली का?" "सर, तुमची चड्डी माझ्या दोरीवर आहे." असा अत्यंत आदराचा कारभार. मी कदम सर, ते बिराजदार सर. पाच वर्षं एका खोलीत काढली, पण एकमेकांना नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

ज्यांना व्हायवा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस कित्येक वर्षं एका विषयात डोकं घालून बसतो, त्याचा उशीएवढा प्रबंध होतो, आणि मग एक दिवस बाहेरच्या विद्यापीठातले मोठे सर येऊन सगळ्यांसमोर त्याला प्रश्न विचारतात. परीक्षेचं दार सगळ्यांना उघडं. म्हणून गावाकडून आई-बाप, चुलते, बहिणी, कुणाचे तरी सरपंच, असे जीप करून येतात. शेवटी अध्यक्ष विचारतात, "सभागृहातून कुणाला काही विचारायचंय का?" कुणीच उठलं नाही तर बरं दिसत नाही, म्हणून उमेदवार आदल्या दिवशी दोन मित्रांना प्रश्न लिहून देतो. आमच्या विभागातल्या एका मित्रानं असा कागद उभं राहून खड्या आवाजात वाचला आणि वाचता वाचता "एवढं विचारून खाली बस" हेही वाचून मोकळा झाला. बाहेरून आलेले सर बराच वेळ पाणी पीत राहिले.

बिराजदार सरांना प्रश्न लिहून द्यावा लागत नसे. त्यांचा प्रश्न एकच होता, आणि तो सगळ्या विषयांना चालायचा. ते दुसऱ्या रांगेतून उठायचे, बुशशर्ट खाली ओढायचे आणि म्हणायचे, "सर, लई चांगलं झालं. आता हेच पहिल्या रांगेला समजंल असं सांगा."

पहिली रांग म्हणजे घरची माणसं. आता ही घरची माणसं पहिल्या रांगेत बसायची कशी, ही एक वेगळीच हकीकत. रिवाजाप्रमाणे पुढच्या गुबगुबीत खुर्च्यांवर विभागातले सर लोक बसायचे आणि उमेदवाराची आई शेवटी, दाराशी, चपलांच्या जवळ. ती बिचारी तिथं बसून लेकाचं डोकं तेवढं बघायची. बिराजदार सरांनी हा रिवाज एकट्यानं मोडून काढला. एकदा एक विभागप्रमुख पुढच्या खुर्चीत ऐसपैस बसले होते. हे त्यांच्यासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. "सर, ही रांग घरच्यांची हाय."

"मी या विभागाचा प्रमुख आहे," ते म्हणाले.

"हाव सर. म्हणूनच विनंती करून राहिलो. दुसऱ्याला नुसतं ऊठ म्हणलो असतो."

प्रमुख उठले. उठावं लागतं. हात जोडून वाकलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे बिराजदार सरांना पुरतं ठाऊक होतं.

व्हायवाच्या दिवशी सकाळपासून ते मोठ्या फाटकाशी पाण्याची बाटली घेऊन उभे असायचे. आमच्या विद्यापीठातल्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या. पहिल्यांदा आलेला माणूस ग्रंथालयात शिरायचं तर परीक्षा भवनात शिरतो आणि तिथून लवकर सुटत नाही. बिराजदार सर घरच्यांना लांबून ओळखायचे. नव्या पातळावर घडीच्या खुणा तशाच, पुरुषांच्या टोप्या कडक, हातात पेढ्यांचा पुडा, आणि सगळे हळू आवाजात बोलत असलेले, दवाखान्यात आल्यासारखे. हे पुढं होऊन म्हणायचे, "या माय. पानी घ्या. आपलं पोरगं वर हाय, तयारी करून राहिलं." मग त्यांना नेऊन बसवायचे आणि पाठीमागच्या खुर्चीवरून पुढं वाकून सगळं समजावून सांगत राहायचे. "आता ते चष्मेवाले सर जरा जोरात बोलतील. भिऊ नका. रागात न्हाईत ते, आवाजच तसा हाय."

मग यायचा तो प्रश्न, आणि उमेदवाराचा चेहरा पडायचा. तज्ज्ञांना तोंड देणारी माणसं आईसमोर ततपप करायची. देगलूरकडचा एक रसायनशास्त्राचा पोरगा होता, इंग्रजीत मशीनगनसारखा बोलायचा. बिराजदार सरांनी प्रश्न टाकला तसा घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "अण्णा, औषध अंगात गेलं की सगळीकडं पसरतं. ते दुखतं तिथंच जावं, यासाठी मी एक बारीक कण तयार केला."

वडील रांगेतून म्हणाले, "मग माझ्या गुडघ्याचं घेऊन ये की."

सगळं सभागृह हसलं. पोरगाही हसला. पण मी बघत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा बापाला कळलं होतं की आपला लेक नांदेडला काय करतो.

आता मी काही फार सोशिक माणूस नाही, आणि बिराजदार सरांबरोबर राहणं हे सोशिक माणसाचंही काम नव्हतं. त्याचं कारण त्यांचा विषय. त्यांचा विषय होता गोगलगाय. सोयाबीन उगवलं रे उगवलं की कोवळी रोपं फस्त करणारी ती शंखातली मोठी गोगलगाय, लातूरकडच्या शेतकऱ्यांना जिनं सळो की पळो करून सोडलंय, ती. प्रयोगशाळेतलं कपाट नेहमी भरलेलं, म्हणून यांनी मोठी टपं आणून आमच्या खोलीत खिडकीखाली मांडली. त्यात ओली माती, कोबीची पानं, काकडीचे काप आणि गोगलगाई. मेसच्या जेवणात मला कधी कोबी खाता आला नाही. खोलीत आल्यावर तीच पानं दिसायची.

गोगलगाय हळू चालते असं आपण म्हणतो, पण तिच्यापाशी वेळ भरपूर असतो हे आपण विसरतो. सकाळी उठावं तर एक आरशावर, एक माझ्या साबणाच्या डबीत, एक दाराच्या कडीवर. मी ओरडायचो. हे शांतपणे येऊन उचलून न्यायचे. "कदम सर, डेटा हाय तो. जरा हळू."

डेटा हा त्यांचा लाडका शब्द. एकदा वसतिगृहाचे अधीक्षक तपासणीला आले आणि टपाकडं बघून दचकले. "हे काय आहे?"

"डेटा हाय सर."

"हा हलून राहिला!"

"हाव सर. पावसाळ्यात हलतो. उन्हाळ्यात गप बसतो."

अधीक्षक निमूट निघून गेले. पुन्हा आमच्या खोलीच्या तपासणीला कधी कुणी आलं नाही, एवढा एक फायदा त्या डेटाचा मला झाला.

त्यांच्याबरोबर एकदा मी औसा-निलंग्याकडं गोगलगाई गोळा करायला गेलो होतो. शेतकऱ्यांना वाटलं सरकारनं माणसं पाठवली. एकानं पोतंभर आणून ठेवल्या, दुसरा म्हणाला माझ्याकडच्याही न्या, चहा पाजतो. मग कुणीतरी विचारलं, "साहेब, हे मरतात कशानं?"

बिराजदार सर म्हणाले, "ते दुसरे सर बघून राहिलेत. मी ह्या जगतात कशा, ते बघून राहिलोय."

तो माणूस त्यांच्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "जगायलेत ते दिसूनच राहिलंय की हो! ते कोन इचारलं तुम्हाला?"

परतीच्या बसमध्ये पोतं मांडीवर घेऊन बसले होते. लातूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मी चेष्टा केली तर हसले, पण उशिरा हसले.

माझी व्हायवा आधी झाली. माझा विषय राज्यशास्त्राचा, ग्रामसभेवरचा. नाव इतकं लांब होतं की फ्लेक्सवर दोन ओळींत बसलं नाही. नायगावहून माय आली. ती कधी नायगावच्या बाजाराच्या पुढं एकटी गेलेली नव्हती. फाटकाशी उतरली ती पदराचं टोक दातात धरूनच. बिराजदार सरांनी तिला पाणी दिलं, पहिल्या रांगेत मधोमध बसवलं आणि शेवटपर्यंत तिच्या कानाशी बोलत राहिले. मी पुढं उभा राहून घाम पुसत होतो आणि माय मान डोलवत होती.

मला वाटलं होतं, खोलीतला जोडीदार आहे, माझ्यावर तरी दया करील. कसली दया! उठले, बुशशर्ट ओढला. "सर, लई चांगलं झालं. आता हेच पहिल्या रांगेला समजंल असं सांगा."

माझ्या डोक्यातली ती लांबलचक वाक्यं एका झटक्यात गेली. मी म्हणालो, "माय, मी आपल्या गावच्या ग्रामसभेबद्दल लिहिलं. लोकांनी तिथं येऊन बोलावं, म्हणून लिहिलं."

माय सगळ्यांसमोर म्हणाली, "बरं केलंस बाबा."

बस. दोन तज्ज्ञांनी पाऊण तास प्रश्न विचारले होते, पण मी डॉक्टर झालो तो त्या तीन शब्दांनी, असं मला आजही वाटतं. टाळ्या बिराजदार सरांनीच सुरू केल्या. त्या नेहमी तेच सुरू करायचे. आम्ही त्यांच्या मागून वाजवायचो.

पुढं मी लातूरला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागलो. म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाही घेतला तर कुणी नाही. नांदेड सुटलं. बिराजदार सर त्याच खोलीत राहिले. मधूनमधून कुणाच्या तरी व्हायवाच्या फोटोत दुसऱ्या रांगेत त्यांचं डोकं दिसायचं. मागून आलेली पोरं डॉक्टर होऊन गेली, पुढची आली, तीही निघाली. यांचं आपलं एकच, "एक पावसाळा अजून बघू द्या." पोरं त्यांनाच गोगलगाय म्हणायला लागली होती. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "लई मोठं नाव दिलं."

एकदा लातूर स्टँडवर मला त्यांच्या मार्गदर्शक मॅडम भेटल्या. करड्या बाई, पण त्या दिवशी रडकुंडीला आल्या होत्या. "तुझ्या मित्राला तू तरी सांग. प्रबंध लिहून तयार आहे. मी ओळ न् ओळ तपासलाय. तो जमाच करत नाही. मिळायची ती सगळी मुदतवाढ घेऊन झाली. या हिवाळ्यानंतर त्याची नोंदणीच रद्द होईल. एवढ्या वर्षांचं काम मातीत जाईल रे."

दिवाळीच्या सुट्टीत मी डब्यात फराळ घेऊन नांदेडला गेलो. वसतिगृह ओस पडलेलं. सगळ्या दारांना कुलपं, एका दाराबाहेर फक्त दोरीवर कपडे. बिराजदार सर टपातल्या मातीवर पाणी शिंपडत बसले होते. मला बघून इतके आनंदले की काय करावं त्यांना सुचेना; आधी खुर्ची पुसली, मग तीच खुर्ची पुन्हा पुसली.

"दिवाळीला गावाकडं गेला नाहीत?" मी विचारलं.

"यांना कोन बघंल?" त्यांनी टपाकडं बोट दाखवलं.

हे उत्तर मी पाच वर्षं ऐकलं होतं. दिवाळी, पोळा, उन्हाळ्याची सुट्टी, दरवेळी हेच. त्या दिवशी मात्र माझं लक्ष टपाखाली गेलं. टप एका बाजूनं कलू नये म्हणून खाली काहीतरी जाड सरकवलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. मी वाकून बघितलं. त्यांचा प्रबंध होता. बांधून, सोनेरी अक्षरांसकट तयार.

मग मी भडकलो. मित्राला जे जे बोलता येतं ते सगळं बोललो. ते ऐकून घेत होते. बोलून बोलून मी थकलो तेव्हा म्हणाले, "चला, चहा घेऊ."

फाटकाबाहेरची टपरी तेवढी उघडी होती. तिथं बाकड्यावर बसून त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला आणि खाली बघत म्हणाले, "कदम सर, जमा केलं की व्हायवा लागते."

"लागणारच."

"व्हायवा लागली की पहिली रांग लागते."



ते किल्लारीच्या पलीकडच्या गावचे, एवढं मला माहीत होतं. किल्लारीकडचा माणूस असला की आमच्याकडं कुणी घरच्यांबद्दल फार विचारत नाही. विचारलं तर काय ऐकावं लागेल ते ठाऊक असतं. मीही पाच वर्षांत विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनीच सांगितलं, चहा थंड होईपर्यंत, अगदी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. भूकंपात घरातले सगळे गेले. हे तेव्हा पाळण्यातले. "मला उकरून काढलं म्हणतात. मेलं म्हणून बाजूला ठेवलं होतं. मग कुनाला तरी रडनं ऐकू आलं. मला काय आठवत न्हाई. तोंडंबी आठवत न्हाईत." दुसऱ्या गावच्या आजीनं चार वर्षं सांभाळलं, तीही गेली. मग एक वसतिगृह, त्यानंतर दुसरं, किनवटच्या जंगलातल्या निवासी शाळेतलं, मग नांदेडचं हे. आजीनंतर ते घरात असे राहिलेच नव्हते. जिथं राहिले तिथं दाराला नंबर होता.

"दुसऱ्याच्या रांगंत बसवायला लई बरं वाटतं," ते म्हणाले. "आपल्या रांगंत कुनाला बसवावं, तेच सुचून न्हाई राहिलं. रिकामी रांग बघून मला बोलता येनार न्हाई सर. खरं सांगतो."

मला असल्या वेळी काय करावं ते कधीच समजत नाही. म्हणून मी फोन काढला, मायला लावला आणि आवाज मोठा करून बाकड्यावर ठेवला. "माय, माझ्या व्हायवाला तुला पाणी देणारे सर आठवतात का?"

"ते कानात सांगनारे? न आठवायला काय झालं?"

"त्यांची व्हायवा आहे. त्यांच्याकडून बसायला येशील का?"

माय म्हणाली, "येते की. पातळ कोन्तं नेसू?"

बिराजदार सरांनी तोंड फिरवलं. टपरीवाल्याला म्हणाले, "अजून दोन करा." पण दोन चहा आले तरी त्यांनी तोंड इकडं केलं नाही.

हिवाळा संपायच्या आत त्यांनी प्रबंध जमा केला. टपाखाली मी पाठवलेलं ग्रामसभेवरचं माझं पुस्तक सरकवलं, असं त्यांनी फोनवर सांगितलं. जाडीला अगदी बरोबर बसलं म्हणे. त्या पुस्तकाचा एवढा उपयोग आजवर दुसऱ्या कुणाला झालेला नाही.

व्हायवा लागली ती ऐन उन्हाळ्यात. मी लातूरहून लवकर निघालो. मायला नायगावहून येणारी बस फाटकाशी सोडणार होती. मी सभागृहात पोचलो तर सगळी गडबड. मॅडम दारात, बाहेरून आलेले सर खुर्चीत घड्याळ बघत, आणि उमेदवाराचा पत्ता नाही. फोन उचलत नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर आता काय ऐकावं लागतं अशी भीती. मी पळतच बाहेर आलो.

ते फाटकाशी उभे होते. नवा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात पाण्याची बाटली, रस्त्याकडं डोळे.

"अहो, तुमची व्हायवा आहे! वर सगळे थांबलेत!"

"हाव," ते म्हणाले. "पर घरचे आले न्हाईत ना अजून."

तेवढ्यात बस थांबली आणि माय उतरली. लाल काठाचं पातळ, घडीच्या खुणा तशाच, हातात पेढ्यांचा पुडा. बिराजदार सर पुढं झाले. "या माय. पानी घ्या." मी मध्ये बोलायला गेलो तर माझ्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. माय जिना चढताना दर पायरीला थांबत होती आणि हेही थांबत होते, जणू वर कुणाला घाईच नाही. सभागृहात सगळे बघत असताना त्यांनी तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, पंखा तिच्याकडं फिरवला आणि सवयीनं मागच्या खुर्चीवर टेकून पुढं वाकून सांगायला लागले. "आता तिथं एक जन उभा राहील माय. त्याला हे सर लोक जरा जोरात बोलतील. भिऊ नका."

"कोन उभं ऱ्हानार?" मायनं विचारलं.

ते घुटमळले. मग म्हणाले, "मीच की."

"मग जा की बाबा. इथं काय बसलास?"

ते उठून पुढं गेले. बोलले छान. इंग्रजीत बोलले, पडद्यावर आकृत्या दाखवल्या, तज्ज्ञांच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "सभागृहातून कुणाला काही विचारायचंय का?"

सगळं सभागृह दुसऱ्या रांगेकडं बघायला लागलं. सगळ्या विभागांची पोरं आली होती, त्यांनी ज्यांची ज्यांची आई बसवली होती ती बहुतेक. पण दुसऱ्या रांगेतली ती खुर्ची मोकळी होती. तो प्रश्न विचारायचा हे मी लातूरपासून ठरवून आलो होतो. उठलोही. पण तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. उभा तसाच राहिलो.

माय माझ्याकडं मागं वळून बघत होती. माझ्याच्यानं काही होत नाही असं दिसल्यावर तिनं पदर सारखा केला आणि बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, चांगलं झालं म्हनं. आता मला समजंल असं सांगा."

त्यांनी तयारी केली नव्हती ती नेमकी याच प्रश्नाची. सगळ्यांना विचारत आले, पण स्वतःचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. टेबलाला धरून ते उभे राहिले. मग तज्ज्ञांकडं पाठ झाली तरी चालेल असे तिच्याकडं वळले.

"माय, ऊन लई झालं की गोगलगाय भुईत जाते. तोंडावर दार लावून घेते, पांढरं, खडूवानी. महिनोन्महिने खात न्हाई, पीत न्हाई, हलत न्हाई. उकरून काढली तरी लोकाला वाटतं, मेली." इथं ते थांबले. "पर मेलेली नसते माय. आत पान्याची थोडी वल धरून असते. तेवढ्यावर जगते. पानी पडलं की दार काढून बाहेर येते. ती वल कशी धरते, तेवढं बघितलं मी."

मायला किल्लारीचं मी काहीच सांगितलेलं नव्हतं. तिनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं.

"बरं केलंस बाबा," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या नाहीत. कशा होणार? सुरू करणारा माणूस पुढं उभा होता. मग मॅडमनीच वाजवायला सुरुवात केली, आणि मग काही विचारू नका.

नंतर फेटा झाला, हार झाले, पेढे झाले. फोटोची वेळ आली. प्राणिशास्त्राचा एक पोरगा मोबाईल धरून ओरडला, "आता फक्त घरचे या!" मी आणि बिराजदार सर खांद्याला खांदा लावून उभे होतो. माय खुर्चीतून उठली, गर्दीतून वाट काढत आली आणि मला म्हणाली, "तू सरक जरा."

मी सरकलो.

तो फोटो माझ्याकडं आहे. त्यात माय ताठ उभी आहे, पेढ्यांचा पुडा अजून हातातच. आणि बिराजदार सर कॅमेऱ्याकडं बघतच नाहीत. डोक्यावरचा फेटा कलला आहे, ते तिच्या कानाशी वाकून सांगत आहेत, "माय, आता फोटो काढून राहिलेत. तिकडं बघा."